सात नंबरचं पत्र

जगात पत्रं एकूण एकवीसच आहेत, असं माझ्या खोलीमालकांचं, म्हणजे काकांचं, म्हणणं होतं. बाकीच्या सगळ्या त्यांच्या नकला. लिहिणाऱ्याला ते माहीत नसतं, एवढंच. हे त्यांनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं, तेव्हा माझी वळकटी अजून खांद्यावरच होती. मी हो म्हणालो. त्या वर्षी मी सगळ्यांनाच हो म्हणत होतो.

बुलढाण्याला कॉलेजात नाव घालणारा मी आमच्या घरातला पहिलाच. धाडजवळ आमचा मळा आहे. वडील वांगी, मिरची, मेथी पिकवतात आणि धाडच्या बाजारात पोतं अंथरून विकायला बसतात. त्यांना सही येत नाही. कॉलेजात काय विचारावं आणि कोणाला विचारावं हे मला कळत नसे, म्हणून मी न विचारताच बऱ्याच गोष्टी सोसत असे. अशा मुलाला काकांसारखा माणूस भेटला की तो त्यांच्यावर विश्वास ठेवणारच. पुढे जे झालं त्यात माझा दोष किती आणि त्यांचा किती, हे मला अजून नीट ठरवता आलेलं नाही.

काका इंजिनं आणि पंपांच्या एका दुकानात पत्रव्यवहार सांभाळायचे. मोटा जाऊन विहिरींवर डिझेलची इंजिनं बसायची ती वर्षं. दुकानात सकाळपासून गर्दी असे. कोणाचं इंजिन नुसतं धूर ओकायचं, कोणाचा पंप पाणीच धरायचा नाही. सुटे भाग मुंबईहून रेल्वेनं मलकापूरला यायचे, आणि ते वेळेवर यावेत म्हणून पत्रामागून पत्र लिहावं लागायचं. शेठ तोंडानं सांगतो आणि काका लिहून घेतात, असं मला आधी वाटलं होतं. प्रत्यक्षात शेठ फक्त अडचण सांगायचा. काका क्षणभर डोळे मिटायचे आणि म्हणायचे, "चार नंबर." किंवा, "नऊ." शेठ मान हलवायचा. पत्र निघालं.

बाजारच्या दिवशी लोक त्यांची गंमत करत. गावात त्यांना चिठ्ठीबाबू म्हणायचे. एकदा माझ्यासमोर एका शेतकऱ्यानं विचारलं, "चिठ्ठीबाबू, माही बायको माहेराहून येऊन नाई राह्यली. तिले कितवा नंबर लावता?" सगळे हसले. काका हसले नाहीत. ते म्हणाले, "अकरा. पण आठ दिवस वाट पाहा लागते."

ही एकवीस पत्रं एका जाड वहीत होती. लाल कापडाच्या पाठीची वही, दुकानातून रोज घरी यायची आणि रोज परत जायची, डब्याच्या पिशवीत, डब्याच्या वर. एखाद्या पत्राला हवं तसं उत्तर आलं, माल सुटला, तक्रार मान्य झाली, साहेब नरमला, की ते पत्र लागू पडलं असं ते म्हणत. मग त्याची कार्बनची प्रत वहीत चिकटवायची. खळ काकू शिजवून द्यायच्या. वर नंबर टाकायचा आणि खाली मुंगीएवढ्या अक्षरात लिहायचं: कोणाला गेलं, कितव्या दिवशी जवाब आला, जवाबाची पहिली ओळ काय. पुढे त्याच पत्रानं दोनदा दगा दिला तर ते वहीतून निघे आणि चुलीत जाई. अशा दिवशी काकू कप पुढे करून म्हणायच्या, "घे बाबू, आजचा चहा नापास पत्रावर झाला."

लागू पडलेल्या पत्रातला शब्द बदलायचा नाही, हा त्यांचा धर्म होता. नाव, गाव, तारीख आणि मालाचं नाव, एवढंच बदलायचं. ते म्हणत, लागू पडलेलं औषध कोणी ढवळून पाह्यते काय.

पत्र पाकिटात घालण्याआधी ते उभ्यानं, मोठ्यानं वाचत, आणि ज्या गावाला ते जायचं त्या गावाकडे तोंड करून वाचत. मुंबईसाठी त्यांचं तोंड कॅलेंडरच्या भिंतीकडे असे, अकोल्यासाठी न्हाणीकडे. काकू न्हाणीत असल्या तर अकोल्याचं पत्र थांबायचं.

त्यांनी मला पहिला धक्का दिला तो अशाच एका वाचनात. दिवस एप्रिलचे होते. विहिरी तळाला गेलेल्या, रस्त्यावरचं डांबर चपलेला चिकटत होतं. काका भिंतीकडे तोंड करून वाचत होते की गेल्या पंधरवड्यातील अतिवृष्टीमुळे आमच्या भागातील सर्व रस्ते बंद असून शेतकरी बांधव हवालदिल झाले आहेत. मी बराच वेळ धीर गोळा केला आणि विचारलं की काका, पाऊस कुठे आहे.

"मुंबईत बसलेल्या माणसाले धाडचं आभाळ दिसते काय बे?" ते म्हणाले.

बाराव्या दिवशी माल आला. मुंगीच्या अक्षरात नोंद झाली. मला काय म्हणावं ते कळेना, कारण दुकानाबाहेर चार शेतकरी ते सामान घेऊन खरंच आनंदानं गेले होते आणि त्यांच्या विहिरींवरची इंजिनं खरंच सुरू झाली होती. खोटं इतकं उपयोगी पडतं हे मी पुस्तकात कुठे वाचलं नव्हतं.

दुसरा धक्का काकूंनी दिला, अगदी सहज, भाजी निवडता निवडता. त्यांचं माहेर मेहकरकडे, हिवरा आश्रमाच्या बाजूला. त्या तिकडे गेल्या की काका पत्र पाठवत. काकू म्हणाल्या, "माह्या लग्नाले बावीस वर्षं झाली बाबू. मले एकच पत्र सहा वेळा आलं." मी विचारलं की मग त्या पत्रानं तुम्ही परत कशा येत होता. "पत्रानं कोण आलं? याइले चहा करता येत नाई म्हणून आली."

हे काकांना सांगावं की नाही, असा मला दोन दिवस प्रश्न पडला होता. सांगितलं नाही. वहीत अकरा नंबरखाली सहा जवाब नोंदलेले होते.

त्याच वर्षी दिवाळीनंतर माझे वडील विहिरीच्या पायरीवरून घसरले. पाय मोडला. हाडवैदानं बांबूच्या कामट्या बांधल्या आणि पाय टेकायचा नाही असं बजावलं. वांगी तोडणीला आलेली. मी सहा आठवडे घरी राहिलो; पाणी धरलं, वांगी तोडली, बाजार केला. कॉलेजात परत आलो तेव्हा हजेरी कमी असलेल्यांची यादी नोटीस बोर्डावर लागली होती आणि तिच्यात माझं नाव होतं. सबळ कारण असेल त्यांनी प्रिन्सिपॉलना अर्ज द्यावा, नाहीतर विद्यापीठाच्या परीक्षेला बसू दिलं जाणार नाही. वर्ष बुडालं असतं तर मला पुन्हा पाठवणं घरी जमणार नव्हतं. हे घरात कोणी बोललं नव्हतं. त्या कामट्या पाहिल्यावर बोलायची गरजही नव्हती.

मी अर्ज लिहिला. तो चार पानांचा झाला. काकांनी तो वाचला, पानं जुळवली आणि माझ्या हातात परत दिला. हे पत्र नाही, रडणं आहे, असं ते म्हणाले. मग त्यांनी माझं नाव, वर्ग आणि बुडालेले दिवस विचारले. मी पुन्हा सांगू लागलो की वडलांचा पाय, विहीर, वांगी. त्यांनी हात वर केला. "बापाचंच कारण हाय नं? बस. समजलं."

एका कोऱ्या कागदाच्या तळाशी त्यांनी माझी सही घेतली. शेठकडूनही ते अशाच सह्या घेऊन ठेवत, त्यामुळे मला त्यात काही वेगळं वाटलं नाही. वरचा मजकूर ते दुकानात सावकाश, चांगल्या अक्षरात लिहिणार होते आणि कॉलेजात स्वतः देणार होते. माझं काम झालं, असं समजून मी अभ्यासाला बसलो.

चार दिवसांनी परवानगी मिळालेल्यांची यादी लागली. माझं नाव सगळ्यात वर होतं. त्या दिवसापासून कॉलेजात माझ्याशी लोक वेगळं वागू लागले. हेडक्लार्कनं मला बसायला खुर्ची दिली. त्या खुर्चीवर मी विद्यार्थी बसलेला कधी पाहिला नव्हता. इंग्रजीच्या सरांनी वर्गाबाहेर माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि काही न बोलता निघून गेले. शिपाई माझ्या डोक्याकडे पाहत राहिला आणि म्हणाला, "केस नाई काढले?" मी म्हणालो, वाढलेत खरे, पुढच्या आठवड्यात काढतो. त्यानं मान हलवली, पण त्याला ते आवडलं नव्हतं. मला वाटलं, काकांच्या एका पत्रानं माझी एवढी किंमत वाढली.

शनिवारी मी पेढे घेऊन घरी गेलो. अंगणात दहा-बारा माणसं जमली होती. वडील बाजेवर बसले होते, कामट्या बांधलेला पाय पुढे पसरलेला, डोक्यावर धुतलेली टोपी. त्यांच्या हातात कॉलेजचं नाव छापलेलं पाकीट होतं. ते दुपारी आलं होतं आणि त्यावर माझ्या आईचं नाव होतं. आईच्या नावानं जन्मात पहिलं पत्र आलं होतं. वडलांनी ते फोडलं नव्हतं. शाळेतल्या गुरुजींना बोलावणं गेलं होतं आणि शेजारपाजार आपोआप आला होता. मला पाहून वडील म्हणाले, "आता गुरुजी कायले? तूच वाच. मोठ्यानं वाच."

मी मोठ्यानं वाचलं. मला त्याचाही अभिमान वाटत होता, म्हणून मी थोडा जास्तच मोठा आवाज काढला. प्रिन्सिपॉलसाहेबांचं अक्षर टपोरं होतं. "आपले पती," असं वाचून मी वडलांचं पूर्ण नाव वाचलं, तेव्हा वडलांनी टोपी सरळ केली. मग मी पुढचे शब्द वाचले. "यांच्या अकाली निधनाचे वृत्त आपल्या चिरंजिवांच्या अर्जावरून समजले."

ते शब्द तोंडातून बाहेर पडल्यावर मला कळले.  समोर वडील बसले होते.  आईनं पेढ्यांचा पुडा हातात धरला होता, तो तिनं बाजेच्या कडेला ठेवला.

"पुढं वाच," वडील म्हणाले.

मी नाही म्हणालो. ते पुन्हा म्हणाले, वाच. मी शेवटपर्यंत वाचलं. फार चांगलं पत्र होतं. घरचा आधार गेल्यावर माणसाला काय वाटतं ते त्यात होतं, आणि तुमचा मुलगा गुणी आहे, त्याचं शिक्षण थांबू देऊ नका, असंही होतं. वाचून झाल्यावर वडलांनी विचारलं, "कोन्या दिवशी मेलो म्हणते?" एरवी सगळे हसले असते. शेजारची म्हातारी म्हणाली की बरं झालं, डोक्यावर कावळा बसला की आपणच नाही का मेल्याची खोटी खबर धाडत, त्यानं आयुष्य वाढते. तिलाही कोणी साथ दिली नाही. आई उठून आत गेली. त्या दिवशी ती माझ्याशी बोलली नाही, आणि मला जेवायला तिनं नाही, बहिणीनं वाढलं.

माणसं गेल्यावर मी वडलांना सगळं सांगितलं: कोरा कागद, सही, काका.  त्यांनी एकच गोष्ट विचारली, की या पत्रानं परीक्षेला बसू देतात ना. मी हो म्हणालो.

"मंग राहू दे."

"काय राहू दे?"

"कालेजात मी मेलेलाच राहू दे. मले कुठी यायचं हाय तिथीसा? तू परीक्षा दे."

आज कोणत्या वाफ्याला पाणी सोडायचं ते सांगावं, तसं ते बोलले. पत्र वाचताना मी घाबरलो होतो, पण इतका नाही. माझ्या परीक्षेसाठी माझा बाप मरायला तयार होता आणि त्याला त्यात काही मोठं वाटत नव्हतं.

सोमवारी सकाळी मी बुलढाण्याला उतरलो तो थेट काकांपुढे जाऊन उभा राहिलो आणि ते पत्र त्यांच्या हातात दिलं. एवढ्या रागानं मी कोणाकडे कधी पाहिलं नव्हतं. काकांनी चष्मा लावला. उठून उभे राहिले आणि ते पत्र मोठ्यानं वाचू लागले. अर्ध्यावर त्यांचा आवाज भरून आला. संपल्यावर त्यांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, "किती चांगलं लिव्हलं बे या माणसानं. हे मले दे. वहीत पाह्यजे."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. मी म्हणालो, काका, माझे वडील जिवंत आहेत. ते म्हणाले, माहीत आहे. सात नंबरात वडील गेलेलेच असतात, त्याला ते काय करणार. उशीर झाला, मुदत टळली, हजर राहता आलं नाही, की सात. त्यांनी वही काढून दाखवली. चौदा वेळा गेलं, चौदा जवाब आले. शेठचा बापच त्यात चार वेळा गेला होता, आणि तो म्हातारा रोज पान खायला दुकानात येऊन बसतो हे मीही पाहत होतो. मी वहीकडे पाहत राहिलो. चौदा मयतांखाली चौदा तारखा होत्या.

मग मी त्यांना अंगण सांगितलं. टोपी सांगितली. मीच मोठ्यानं वाचलं हे सांगितलं. आई आत गेली ते सांगितलं, आणि वडील काय म्हणाले तेही. मी काही ओरडलो नाही. मला ओरडता येत नाही. काकांच्या चेहऱ्यावरचा रंग हळूहळू उतरला.

"जवाब घरी गेला?" त्यांनी विचारलं.

मी म्हणालो, हो, घरी.

"जवाब तं दुकानात येते," ते म्हणाले. असं दोनदा म्हणाले. पत्राच्या दुसऱ्या टोकाला घर असतं, अंगण असतं, हे इतक्या वर्षांत त्यांच्या मनातच आलं नव्हतं असं मला वाटलं. त्यांनी वहीवर तळहात ठेवला. मग त्यांनी सात नंबरचं पान माझ्याकडे फिरवलं आणि सगळ्यात वरची नोंद बोटानं दाखवली. तिथे कार्बनची प्रत नव्हती. शाईनं लिहिलेला, घडीवर फाटायला आलेला जुना कागद होता, एका जिनिंग फॅक्टरीच्या मॅनेजरला लिहिलेल्या पत्राचा खर्डा.

"हे खरं हाय," काका म्हणाले. "मी एकोणीस वर्षांचा होतो. बाप गेला, कामावर जाऊ शकलो नाई. नोकरी जात होती. हे लिव्हलं आणि राह्यली. आयुष्यात पह्यलं लागू पडलेलं पत्र." मग ते म्हणाले, "माहा बाप चौदा डाव कामी पडला."

हे ते अभिमानानं बोलले की दुसऱ्या कशानं, हे मला आजही सांगता येत नाही. माझा राग तेवढ्यापुरता जागच्या जागी थांबला.

प्रिन्सिपॉलना मी खरं सांगणार आहे, असं मी म्हणालो. काकांनी मला थांबवलं. आधी पत्र करून देतो म्हणाले. त्यांनी वही पहिल्या पानापासून उलटायला घेतली; एकपासून एकवीसपर्यंत गेले आणि परत एकपासून. मग वही मिटली. "चूक कबूल कराचं पत्र माह्यापाशी नाई," ते म्हणाले. मी एकटाच गेलो.

प्रिन्सिपॉल पुण्याकडचे. अतिशय शुद्ध बोलत, त्यामुळे त्यांच्यासमोर माझं मराठीही अडखळायचं; 'हो'च्या जागी 'हाव' निघालं की मी जीभ चावायचो. मी उभ्यानंच सांगितलं, कोरा कागद आणि सही यांसह, आणि त्यांचं पत्र टेबलावर ठेवलं. त्यांनी ते उचललं नाही, नुसतं पाहिलं. "माझे वडील मागच्या वर्षी गेले," ते म्हणाले. "हे मी त्यांच्या आठवणीनं लिहिलं होतं." मला जमीन दुभंगावी असं वाटलं. परवानगी रद्द झाली. गुरुवारी यादी मंजुरीसाठी विद्यापीठाकडे जाणार होती. त्याआधी वडलांना समक्ष घेऊन या, ते म्हणाले, तुमच्या कोणत्याही कागदावर आता माझा विश्वास नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटेच्या गाडीला मी स्टँडवर गेलो तर काका तिथे उभे. हातात पिशवी नाही, वही नाही. दुकानातून त्यांनी रजा घेतली होती.  मळ्यावर पोचल्यावर ते सरळ माझ्या आईसमोर जाऊन उभे राहिले. आई चुलीपुढे होती.  उभ्या-उभ्या त्यांचा हात सारखा खिशातल्या पेनाकडे जात होता. शेवटी एवढंच म्हणाले की ते पत्र माझ्या बापाचं होतं, वैनी, तुमच्या मालकाचं नव्हतं.

आईनं चुलीतली लाकडं मागे ओढली. "काय नाव व्हतं त्याईचं?" तिनं विचारलं.

काकांनी नाव सांगितलं. ते नाव मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकलं.

"कितीक वर्षं झाली?"

"तीस होतील."

"मंग त्याईले आता जाऊ द्या, भाऊ," आई म्हणाली. "किती डाव माराल?"

काकांनी मान खाली घातली. आईनं त्यांना पाण्याचा तांब्या दिला आणि ते उभ्यानंच सगळं पाणी प्यायले.

वडलांना आम्ही बैलगाडीतून धाडच्या स्टँडवर आणलं. ते यायला तयार नव्हते. एवढ्यासाठी कायले, म्हणत होते. कंडक्टरनं पुढची बाकं रिकामी करून दिली. गाडीला गचके बसतात म्हणून काकांनी वडलांचा कामट्या बांधलेला पाय स्वतःच्या मांडीवर घेतला आणि बुलढाण्यापर्यंत दोन्ही हातांनी तसाच धरून ठेवला. वडलांनी त्यांना वाटेत भाजीबद्दल विचारलं, इंजिनाबद्दल विचारलं, एका इंजिनावर किती वाफे भिजतात ते विचारलं. काका उत्तरं देत होते. वडील त्यांच्यावर रागावले नाहीत याचंही मला नवल वाटलं.

सात नंबर पुढे वहीत राहिला नाही. काकांनी पान फाडलं नाही; त्यावर पांढरा कागद चिकटवला, चारी कडांना खळ लावून. दुकानात शेठनं "सात लावा" म्हटलं की ते म्हणायचे, सात नाही. शेठ चिडायचा. एकदा मुदत टळलेला माल त्यामुळे परत घेतला गेला नाही आणि शेठनं त्यांना चारचौघांत बोलून घेतलं. काका ऐकून घेत राहिले. बाकीची वीस पत्रं मात्र त्यांनी तशीच चालू ठेवली. एप्रिलमध्ये अतिवृष्टी होतच राहिली.

विद्यापीठाचं उत्तर नऊ दिवसांनी आलं आणि मी परीक्षेला बसलो. पण त्या मंगळवारी दुपारी, वडलांना घेऊन आम्ही कॉलेजात पोचलो तेव्हा, ते कोणालाच माहीत नव्हतं. काका दाराबाहेर बाकावर बसून राहिले, आत आले नाहीत. मी वडलांना आधार देत आत नेलं आणि खुर्चीवर बसवलं. प्रिन्सिपॉल खुर्चीतून उठले, टेबलाला वळसा घालून पुढे आले आणि वडलांसमोर उभे राहिले. ज्या माणसाच्या मृत्यूवर आपण पत्र लिहिलं त्याच्याशी काय बोलावं, हे त्यांनाही सुचत नसावं. वडलांनी बसल्या-बसल्या हात जोडले. "तुमचं पत्र लई चांगलं व्हतं, सायेब," ते म्हणाले.

प्रिन्सिपॉलनी कोरा कागद घेतला आणि मला न विचारता वडलांना विचारलं की मुलगा कॉलेजात का आला नाही. वडील म्हणाले की मी पडलो व्हतो, पोट्टं माह्यासाठी घरी राह्यलं. प्रिन्सिपॉलनी तेवढंच लिहिलं. दोन ओळी झाल्या. मी सही केली, या वेळी मजकुराखाली. मग त्यांनी कागद आणि शाईचं पॅड वडलांपुढे सरकवलं. वडलांनी अंगठा शाईवर टेकवला, कागदाजवळ नेला आणि तिथेच थांबवला. वाचता येत नसलेल्या त्या दोन ओळींकडे ते बराच वेळ पाहत होते.

"याच्यात मी जिता हाय नं?" त्यांनी विचारलं.

मी उत्तर देणार होतो, तेवढ्यात प्रिन्सिपॉल त्यांच्या शेजारी वाकले.

"हाव," ते म्हणाले.